सूएट टांगलंय, तरी सुतारपक्षी येत नाहीत? या क्रमाने तपासा

थंडी पडायला लागली की हा प्रश्न हमखास येतो: सूएटची, म्हणजे पक्ष्यांसाठीच्या घट्ट प्राणिज चरबीची, वडी आणली, जाळीच्या पिंजऱ्यात घातली, परसातल्या झाडाला टांगली, आणि सुतारपक्षी काही फिरकत नाही. उत्तर अमेरिकेतल्या निरनिराळ्या परसांत मी हे पुन्हापुन्हा निस्तरलं आहे. दोष पक्ष्यात क्वचितच असतो. तो वडीत असतो, नाहीतर ती जिथे आणि जशी टांगली आहे त्यात. म्हणून नवा फीडर मागवण्याआधी आपल्याकडचं लक्षण नेमकं कोणतं ते आधी ठरवा.

लक्षणं

- वडी टांगून महिना होत आला, पण तिला चोचही लागलेली नाही.
- वडी एका दिवसात फस्त होते, पण खाणारे सगळे स्टारलिंग नावाचे मैनेसारखे पक्षी. सुतारपक्षी दूर फांदीवर बसून राहतो आणि निघून जातो.
- छोटा डाउनी सुतारपक्षी रोज येतो, पण हेअरी, रेड-बेलीड किंवा पायलिएटेड या मोठ्या जातींचा सुतारपक्षी एकदाही थांबत नाही.
- वडी मऊ पडली आहे, खाली तेलाचे थेंब आहेत, खवट वास येतो.
- पक्षी चरबी टोकरतात आणि दाणे खाली पाडतात. जमिनीवर सडा पडतो आणि त्यावर उंदीर.
- सकाळी उठून पाहावं तर पिंजराच गायब.

एकाच परसात दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात. तरीही खालचा क्रम मोडू नका. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, आणि बहुतेकांचं काम तिथेच भागतं.

१. काहीही बदलण्याआधी नुसतं बघा

सकाळचा अर्धा तास खिडकीशी बसा, दोन-तीन दिवस. कोण येतं, कोण कोणाला हुसकावतं, कोण दुरूनच परत जातं, हे कळल्याशिवाय पुढचा प्रत्येक उपाय अंदाजपंचे होतो. वडीवर दातांचे जोडीने ओढल्यासारखे चरे दिसले तर ती खारीची कामगिरी. वडी रात्रीतूनच कमी होत असेल तर तो पक्षी नव्हे, कारण सुतारपक्षी अंधार पडला की ढोलीत जाऊन झोपतात.

परिसरात कोणते सुतारपक्षी आहेत हेही पाहून घ्या. डाउनी हा चिमणीपेक्षा जरासा मोठा, चोच आखूड. हेअरी दिसायला अगदी तसाच, पण अंगाने बराच मोठा, आणि चोच डोक्याइतकी लांब. पायलिएटेड तर कावळ्याएवढा. त्याला मोठी, जुनी झाडं आणि वाळलेले बुंधे लागतात, ते आसपास नसतील तर कुठल्याही वडीने तो येणार नाही. फ्लिकर सुतारपक्षी असूनही पोटाची सोय मुख्यतः जमिनीवरच्या मुंग्यांवर करतो. तो हिवाळ्यात सूएटवर येतो, पण एरवी आला नाही म्हणून वडीला दोष देऊ नका.

ऋतूचाही विचार करा. सुतारपक्ष्याला सूएट आवडतं, कारण सालीखाली मिळणाऱ्या अळ्यांसारखंच ते स्निग्ध आणि भरपूर ऊर्जा देणारं असतं. बाहेर किडे मुबलक असताना त्याला तुमच्या वडीची निकड नसते. नव्या जागी टांगलेली वडी त्याच्या नजरेत यायलाच काही आठवडे जाऊ शकतात. टांगून आठवडाच झाला असेल तर इथेच थांबा आणि वाट बघा.

२. वास घ्या, बोट लावा

वडी पिंजऱ्यातून काढा आणि नाकाशी न्या. ताज्या सूएटला फारसा वास नसतो. तेलाचा जुना डबा उघडल्यासारखा खवट वास आला, किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली, तर ती वडी टाकून द्या. वरचा थर खरवडून पुन्हा लावू नका. बुरशी दाण्यांच्या फटींतून आत पोचलेली असते, आणि मका-शेंगदाण्यावरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात.

मग बोटाने दाबून बघा. वडी दाबल्यावर दबत असेल आणि बोट चकचकीत होत असेल, तर तीच चरबी पक्ष्याच्या छातीच्या पिसांनाही लागणार. पिसं चिकटली की ऊब आणि पाण्यापासूनचं संरक्षण दोन्ही जातं. विणीच्या काळात तर पक्ष्याच्या पोटावरची पिसं गळून उघडी कातडी अंड्यांना टेकते, आणि लागलेली चरबी अंड्यांच्या कवचापर्यंत जाऊ शकते. म्हणून मऊ वडी दिसली की ती त्याच दिवशी उतरवा.

वडी बाहेर आहे तोवर पिंजराही धुऊन घ्या: नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच, मग भरपूर साधं पाणी, मग पूर्ण कोरडा. दर दोन आठवड्यांनी हे व्हायलाच हवं. एकाच जाळीला वीस पक्षी पाय लावतात, आणि साल्मोनेलासारखे जंतू असेच पसरतात.

३. वेष्टनावरचा मजकूर वाचा

सगळ्यात जास्त घोटाळे इथे सापडतात, म्हणून इथे घाई करू नका.

सूएट म्हणजे गाई-बैलांच्या किंवा मेंढ्यांच्या मूत्रपिंडांभोवतीची घट्ट चरबी. शरीरातली इतर चरबी तिच्यापेक्षा मऊ असते आणि लवकर वितळते. ही चरबी मंद आचेवर कढवून गाळली की तिच्यातलं पाणी आणि मांसाचे तंतू निघून जातात, जसं लोणी कढवल्यावर बेरी खाली राहते आणि तूप टिकतं. कच्चं सूएट साधारण २१ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ७० फॅरनहाइटच्या वर लवकर खवट होतं. कढवलेलं त्याहून पुष्कळ जास्त टिकतं. तेव्हा वेष्टनावर पहिला शब्द शोधायचा तो ‘रेंडर्ड’, म्हणजे कढवलेलं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलं नाव कढवलेल्या सूएटचं असेल तर वडी कामाची. पहिली दोन-तीन नावं मका, मिलेट, मायलो अशा धान्यांची असतील, तर तुम्ही चरबीच्या भावात भरणीचा माल घेतला आहे. सुतारपक्षी चरबी टोकरण्यासाठी ते धान्य उडवून टाकतो. खाली पडणारा सडा आणि त्यावर येणारे उंदीर, दोन्हींचं मूळ हेच.

त्याच वेष्टनावर प्रथिनं, चरबी, तंतू आणि ओलावा यांची टक्केवारीही असते. दोन वड्यांतून निवडायचं असेल तर चरबीचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहा. वेष्टनावरच्या रंगीत चित्रापेक्षा तो आकडा खरं सांगतो.

आता चवींबद्दल. संत्रं, चेरी, बेरी अशा नावांच्या वड्यांमध्ये पुष्कळदा नुसता रंग आणि सुवास असतो. तो माणसाला आकर्षित करतो, सुतारपक्ष्याला त्याचा उपयोग नाही. खरा फरक पाडणारे घटक मला दोनच वाटतात: शेंगदाणे आणि वाळवलेल्या अळ्या. दोन्ही सुतारपक्षी आवडीने खातात. पण स्टारलिंगांचा त्रास असेल तर हेही नको. तेव्हा फक्त सूएट, दुसरं काही नाही, अशी साधी वडी घ्या. अनेक घरांत नुसत्या या बदलाने काम झालेलं मी पाहिलं आहे, आणि साधी वडी सहसा स्वस्तही असते.

स्वयंपाकघरातली उरलेली चरबी मात्र देऊ नका. बेकनच्या चरबीत मीठ आणि मांस टिकवण्यासाठी घातलेली रसायनं असतात. तळणाचं तेल मऊ राहून पिसांना चिकटतं.

अनेक मराठी घरांत गाईची चरबी आणायची नसते. त्यांनी फीडर बंद करण्याचं कारण नाही. बिनमिठाचे सोललेले शेंगदाणे धातूच्या जाळीच्या नळीत भरून टांगले तर डाउनी, हेअरी आणि रेड-बेलीड तिन्ही येतात. किंवा बिनमिठाच्या, बिनसाखरेच्या पीनट बटरच्या एका वाटीत मक्याचं जाडसर पीठ चार-पाच वाट्या मळून गोळा करा आणि लाकडाच्या ओंडक्याला पाडलेल्या भोकांत दाबून भरा. पिठामुळे चिकटपणा कमी होतो. हा गोळा उन्हात ठेवू नका आणि दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच भरा.

४. हवामान आणि वडी जुळते का ते पाहा

कडाक्याच्या थंडीत, पारा गोठणबिंदूच्या आसपास असताना, कच्चं सूएटही चालतं. वसंतात कढवलेलंच हवं. कडक उन्हाळ्यात ‘नो-मेल्ट’ लिहिलेली वडी घ्या. तिच्यात पीठ जास्त असतं, म्हणून ती आकार धरून राहते. पण त्याच कारणाने तिच्यात चरबी कमी असते, त्यामुळे हिवाळ्यात तीच वापरणं म्हणजे गरजेच्या वेळी कमी ऊर्जा देणं. पारा फारच चढला तर काही आठवडे सूएट बंद ठेवा. त्या दिवसांत किडे भरपूर असतात, पक्षी उपाशी राहत नाहीत.

५. जागा बदला

वडी चांगली आहे, ताजी आहे, आणि तरीही पक्षी येत नाही? मग जागा हलवा. यालाही खर्च नाही.

सुतारपक्षी झाडाच्या खोडावर वाढलेला पक्षी आहे. अंगणाच्या मधोमध वाऱ्यावर गरगरणारा पिंजरा त्याला परका वाटतो. सुरुवातीला पिंजरा मोठ्या झाडाच्या खोडालगत किंवा जाड फांदीला, डोक्याच्या उंचीच्या वर, सावलीत आणि न हलेल असा बांधा. परसात वाळलेला बुंधा असेल, आणि तो कोणाच्या अंगावर पडण्याचा धोका नसेल, तर तोडू नका. सुतारपक्षी तिथे आधीपासून येत असतात, वडी त्याच्या शेजारी टांगा.

खिडकीपासूनचं अंतर मोजा. फीडर काचेपासून एका मीटरच्या आत तरी असावा, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. जवळ असेल तर उडणाऱ्या पक्ष्याला वेगच मिळत नाही. लांब असेल तर घर त्याला घर म्हणून दिसतं. मधल्या अंतरावर घाबरून उडालेला पक्षी पूर्ण वेगात काचेवर आदळतो.

खोडाजवळ टांगलं की खारी येणार, हे खरं. तरीही पहिलं काम पक्ष्याला वडीची ओळख करून देणं हेच. तो नियमित यायला लागला की पिंजरा दर दोन-चार दिवसांनी थोडा थोडा खोडापासून दूर न्या. पक्षी मागोमाग येतो.

६. डाउनी येतो, मोठे येत नाहीत: शेपटीला आधार द्या

सुतारपक्षी पायांनी खोड पकडतो आणि ताठ शेपटी खोडाला टेकवून बसतो. शेपटीची मधली दोन पिसं सर्वांत दणकट असतात. पिसं झडण्याच्या काळात ती बहुतेक जातींत शेवटी गळतात, बाजूची नवी पिसं आल्यावर. या पक्ष्यासाठी तो आधार किती मोलाचा आहे हे त्यावरून समजावं.

साध्या चौकोनी पिंजऱ्याखाली शेपटी टेकायला काहीच नसतं. डाउनीचं वजन २५ ग्रॅमच्या आसपास, तो कसाही लटकून खातो. रेड-बेलीडला हे जड जातं, आणि पाव किलोहून अधिक वजनाच्या पायलिएटेडला तर फारच. उपाय सोपा आहे. खरखरीत, रंग किंवा रसायन न लावलेली लाकडी फळी घ्या, पिंजरा तिच्या वरच्या टोकाला स्क्रूने बसवा आणि खाली निदान फूटभर फळी मोकळी सोडा. विकत घ्यायचा असेल तर शेपटी टेकण्याची फळी असलेला फीडर मिळतो. या बदलानंतर मोठे सुतारपक्षी ज्या निवांतपणे बसून खातात ते पाहण्यासारखं असतं.

जुन्या पद्धतीच्या सुतळीच्या किंवा नायलॉनच्या सैल जाळ्या वापरू नका. त्यांत नखं आणि जीभ अडकते.

७. स्टारलिंग

हा पक्षी मूळचा युरोपचा. १८९० मध्ये यूजीन शिफेलिन यांनी न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठेक स्टारलिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी सोडले, आणि आता तो खंडभर आहे. त्याचा त्रास नुसता वडी संपवण्याचा नाही. तो ढोलीत घरटं करतो, पण ढोली स्वतः कोरू शकत नाही. फ्लिकर आणि रेड-बेलीड यांनी कोरलेल्या ढोल्या तो बळकावतो. म्हणून वसंतात स्टारलिंगांना पोसणारा फीडर सुतारपक्ष्यांच्या मुळावर येतो. असा फीडर काही आठवडे रिकामा राहिलेला बरा.

इलाज उलटा फीडर. वर छप्पर असतं आणि सूएट फक्त खालच्या बाजूने उघडं. सुतारपक्षी आणि नटहॅच, चिकडी हे छोटे पक्षी उलटे लटकून सहज खातात, स्टारलिंगला ते नीट जमत नाही. एखादा चिवट स्टारलिंग फडफडत दोन-चार घास घेतो, पण थव्याने ठाण मांडणं थांबतं. सुतारपक्ष्यालाही या फीडरची सवय व्हायला थोडे दिवस लागतात, तोवर जुना पिंजरा शेजारी रिकामा टांगून ठेवा.

बाहेरून दुसरा पिंजरा असलेले फीडरही मिळतात. त्यांच्या गजांमधलं अंतर साधारण दीड इंच असतं. त्यातून डाउनी आत जातो, स्टारलिंग नाही. पण हेअरी आणि रेड-बेलीडही बाहेरच राहतात. फक्त डाउनी हवा असेल तरच हे घ्या.

८. खारी आणि रकून

आधी तिखट वडी करून बघा. मिरचीतला कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) झोंबतो, तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पक्ष्यांमधला तोच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, त्यामुळे सुतारपक्ष्याला ती वडी साध्या वडीसारखीच लागते. मात्र तयार तिखट वडीच घ्या, साध्या वडीवर तिखटपूड भुरभुरू नका, ती वाऱ्याने पक्ष्याच्या आणि तुमच्याही डोळ्यांत जाते. हात लावण्याआधी हातमोजे घाला.

त्याने भागलं नाही तर खांब रोवावा लागतो. खांब झाडापासून आणि कुंपणापासून दहा फूट लांब हवा, आणि त्यावर जमिनीपासून साधारण पाच फुटांवर शंकूच्या किंवा नळीच्या आकाराचा अडथळा हवा. अंतर कमी ठेवलं तर खार बाजूने उडी मारते आणि सगळा खर्च वाया जातो. पिंजराच गायब होत असेल तर तो रकून नावाचा निशाचर प्राणी. पिंजरा साखळीने बांधून स्क्रूने बंद होणारी कडी लावा, आणि रात्री फीडर घरात घ्या.

९. घरी कढवायचं असेल तर

हे सर्वांत कष्टाचं काम आहे, आणि चांगली वडी विकत मिळत असताना त्याची गरजही नसते. करायचंच असेल तर खाटकाकडून मूत्रपिंडाभोवतीचीच चरबी मागा. बारीक चिरून जाड बुडाच्या भांड्यात अगदी मंद आचेवर वितळवा, फडक्यातून गाळा, गार होऊ द्या, आणि पुन्हा एकदा वितळवून गाळा. दुसऱ्या वेळी उरलेलं पाणी आणि तंतू निघतात, म्हणून वडी जास्त घट्ट होते. भांड्यापासून क्षणभरही दूर जाऊ नका. धूर दिसला की आच बंद. चरबीने पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नका, झाकण घालून आच बंद करा, आणि आग आवरत नसेल तर बाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवा. उरलेली चरबी मोरीत ओतू नका, नळी तुंबते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

अस्वल आलं, तर पुढचा प्रयोग नाही. सगळे फीडर त्याच दिवशी काढा आणि राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा. अस्वलांच्या भागात वसंतापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत फीडर लावू नयेत असं अनेक राज्यांचे विभाग सांगतात. तुमच्या राज्याच्या तारखा पाहून त्या पाळा. तिखट वडी, साखळी, खांब, यांतलं काहीही अस्वलाला अडवत नाही.

पक्षी पिसं फुलवून मलूल बसला आहे, जवळ गेलं तरी उडत नाही, डोळे सुजले आहेत, असं दिसलं तर सगळे फीडर उतरवून धुवा आणि दोन आठवडे बंद ठेवा. पक्ष्याला पकडून पाणी किंवा औषध पाजू नका. परवानाधारक वन्यजीव शुश्रूषा केंद्राला फोन करा. चोच वेडीवाकडी, वाजवीपेक्षा लांब वाढलेली दिसली तरी तेच करा. हा विकार अलास्कात १९९० च्या दशकात काळ्या टोपीच्या चिकडींमध्ये ठळकपणे लक्षात आला, आणि तो फीडरवर घरच्या घरी बरा होत नाही.

आणि सुतारपक्षी वडी सोडून घराच्या लाकडी भिंतीलाच चोच मारत असेल, तर तो सूएटचा प्रश्न नाही. वसंतात पन्हाळीवर किंवा धुराड्यावर घाईघाईने ठोकत असेल तर तो हद्द जाहीर करतो आहे, ते काही आठवड्यांत आपोआप थांबतं. पण लाकडाला ओळीने लहान, वेडीवाकडी भोकं पडत असतील तर आत किडे आहेत, बहुधा लाकूड पोखरणाऱ्या मधमाश्यांच्या अळ्या. कीटक तपासणाऱ्या माणसाला बोलवा, कारण किडे आहेत तोवर पक्षी परत येणार. त्या भिंतीजवळ सूएट टांगू नका. एकच मोठं, गोल, नीट कोरलेलं भोक दिसलं तर आत घरटं असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने सुतारपक्षी संरक्षित आहेत. पक्ष्याला इजा करणं किंवा अंडी-पिल्लं असलेलं घरटं परवान्याशिवाय मोडणं गुन्हा ठरतो. सुताराला बोलावण्याआधी वन्यजीव विभागाला विचारा, आणि भोक बुजवायचं ते पिल्लं उडून गेल्याची खात्री झाल्यावरच.